आधीच्या हातांची गिटार

जुनी गिटार विकत घेतली की सुरुवातीला तिच्यात काहीही बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. तारासुद्धा नाहीत. बहुतेक जण घरी आणल्याबरोबर तारा उतरवतात, फ्रेटना चकाकी आणतात, स्विचमध्ये क्लीनर फवारतात आणि मग वाजवायला बसतात. आधीच्या माणसानं हे वाद्य कसं वाजवलं, कशाला हात लावला, कशाला नाही, याचा बराचसा पुरावा त्या साफसफाईत निघून जातो. मला तो पुरावा हवा असतो. गाण्यावर जीव असलेल्या कुणाचा तरी हात त्या लाकडावर वर्षानुवर्षं फिरलेला असतो, त्याची ओळख करून घेतल्याशिवाय गिटारीची ओळख पूर्ण होत नाही.

मी घेतली ती फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, काळ्या रंगाची. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडे थोरल्या भावाची म्हणून पडून होती. भाऊ पूर्वी वाजवायचे, आता वाजवत नाहीत, गिटार बरीच वर्षं कपाटावर आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. हेडस्टॉकवरचा क्रमांक ‘एमझेड ३’ असा सुरू होतो. फेंडरच्या पद्धतीत एम म्हणजे मेक्सिको, झेड म्हणजे २००० पासूनचं दशक आणि ३ म्हणजे त्यातलं वर्ष. म्हणजे ही २००३ ची, एन्सेनादाची. मेक्सिकोतल्या त्या बंदराच्या गावी फेंडरचा कारखाना १९८७ पासून आहे. बाकी सगळं वाद्यावरच वाचायचं होतं.

फ्रेट, म्हणजे बोटांखालच्या आडव्या पट्ट्या, तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि तारा पोलादाच्या. पोलाद जास्त कठीण, त्यामुळे झिजतो तो फ्रेट, आणि झिजतो तो बोट जिथे रोज पडतं तिथेच. या गिटारीवर पहिल्या फ्रेटला दुसऱ्या तारेखाली खोल खाच होती. दुसऱ्या फ्रेटला सर्वांत बारीक तारेखाली एक, तिसऱ्याला त्याच दोन तारांखाली आणखी दोन. ज्यानं थोडीफार गिटार शिकली आहे त्याला ही मांडणी ओळखता येईल. सी आणि ए मायनरला बोट पडतं ते पहिल्या ठिकाणी; डी आणि जी या कॉर्ड बाकीच्या खाचा पाडतात. बाराव्याच्या पुढचे फ्रेट मात्र जवळजवळ कोरे. म्हणजे हे गृहस्थ साथ करणारे होते. गाणारा पुढे उभा असताना मागून कॉर्ड धरून ठेवणारे.

पिकगार्डवर प्लेक्ट्रमचे ओरखडे होते, तेही सगळे एकाच बाजूला उतरणारे आणि लांब. मनगटानं हलकं नव्हे, कोपरापासून हात फिरवून वाजवणारा माणूस. बॉडीच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलनं पडलेल्या रेघा, त्याअर्थी उभं राहून वाजवलेलं. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं तर खरखर यायची, पण सगळीकडे नाही, सात ते दहा एवढ्याच टप्प्यात. आतली कार्बनची पट्टी तेवढ्याच भागात झिजली होती. याचा अर्थ माझ्या डोळ्यांसमोर लगेच आला. गायक गात असताना बटण सातवर, आणि कडव्याच्या आधीचा तुकडा आला की करंगळीनं दहावर. कॉर्ड धरणाऱ्या या माणसाच्या वाट्याला अधूनमधून चार स्वर एकट्यानं वाजवायचे क्षण यायचे, आणि त्यासाठी तो तयारीत असायचा.

वाद्यवृंदांच्या स्टेजवर असे पुष्कळ गिटारवाले मी पाहिले आहेत. त्यांची नावं निवेदक शेवटी घाईघाईत घेतो. त्यांच्यामागे मुंबईच्या सिनेसंगीतातली मोठी परंपरा उभी आहे. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी हवाईयन पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार घराघरात पोचवली. गझल गाणारे भूपिंदर सिंग हेही गिटारवादक होते. हवाईयन गिटार इथे आधी रुजली याचं मला आश्चर्य वाटत नाही. तारेवर पोलादी पट्टी सरकवून वाजवल्यामुळे तिच्यात मींड येते, आणि आपल्या कानाला मींड लागते. मुळात पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटारही हवाईयनच होती. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी ती बनवली, आणि तिच्या आकारावरून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत.

स्ट्रॅटोकास्टर त्यानंतरची, १९५४ ची. तिचा कर्ता लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला हे फार मोलाचं वाटतं. स्वतःला येत नसल्यानं तो वाजवणाऱ्यांना विचारत राहिला, त्यांचं ऐकत राहिला. बॉडीची कड बरगडीला टोचते असं वादकांचं गाऱ्हाणं होतं, म्हणून स्ट्रॅटोकास्टरची पाठ आणि हाताखालची कड तासलेली आहे. आणि दुरुस्तीची सवय असल्यानं नेक चार स्क्रूंवर बसवला. स्क्रू काढले की नेक हातात येतो. वीस-पंचवीस वर्षांची गिटार आज साध्या हत्यारांनी पुन्हा वाजती करता येते, याचं श्रेय रेडिओच्या त्या दुकानाला आहे.

अ‍ॅम्पला जोडल्यावर पहिल्यांदा ऐकू आली ती गुणगुण. प्रत्येक पिकअपमध्ये चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादाची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते; तीच पुढे आवाज बनते. पण तेच वेढे घरातल्या विजेची कंपनंही टिपतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून इथे गिटार गुणगुणते ती पेटीवरच्या पांढरी पाचच्या अगदी किंचित वर. अमेरिकेत हाच आकडा ६० आहे, तेव्हा तिकडे हीच गिटार काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध गुणगुणत असणार. हे लक्षात आलं तेव्हा मी पेटी काढून स्वर लावून पाहिला. जुळला. मेक्सिकोत बनलेली गिटार माझ्या खोलीत आपल्या इथल्या स्वरात बोलत होती, आणि मला मनापासून आनंद झाला. स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला की दोन पिकअप एकत्र येतात. मधल्या पिकअपचे वेढे आणि चुंबक उलटे असल्यानं गुणगुण तिथे विरते आणि एक मोकळा, काचेसारखा स्वच्छ आवाज उरतो. तोवर मी साथीच्या माणसाची गिटार एवढंच म्हणत होतो. तो आवाज ऐकल्यावर त्यांनी ही का निवडली ते समजलं. गाणाऱ्याच्या आवाजावर तो कधीच चढत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. गिटारच्या तारा आतून ग्राउंडला आणि पुढे अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती त्यामुळेच. तीन पिनांचा प्लग जुन्या सॉकेटात बसावा म्हणून अर्थिंगची पिन छाटणारे लोक मी हॉलच्या स्टेजवर पाहिले आहेत. हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत त्याचा जबर धक्का बसतो, जीवही जाऊ शकतो. जुनी गिटार घेतलीत तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

जाड तारेवर पहिल्या तीन फ्रेटना झणझण यायची. गिटारवाले हा दोष मानतात आणि तो दोष आहेच. पण माझं बालपण मिरजेच्या बाजूला गेलं. तिथे सतारी आणि तंबोरे करणारी घराणी पिढ्यानपिढ्या नेमकी हीच झणझण घडवत बसलेली असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीचा माथा अशा बेतानं घासायचा की तार तिला निसटती शिवत राहावी आणि एका स्वरातून अनेक स्वर फुटावेत, ती जवारी. गिटारीत तार घोडीवरून आणि नटवरून, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवरून, एका धारेवर स्वच्छ सुटायला हवी, कुठेही शिवता कामा नये. तार तीच, लाकूड आणि धातू तेच, पण एका ठिकाणी जो स्पर्श जपायचा तोच दुसऱ्या ठिकाणी काढायचा. मिरजेच्या कारागिरांना पाहिल्यामुळे मला हे माहीत होतं की अशा वेळी घाईनं कानस उचलायची नसते. तार कुठे शिवते ते आधी कानानं शोधायचं.

ते शोधल्यावर गिटारीची कपाटावरची वर्षंही उलगडली. दहाच्या मापाच्या सहा तारा स्वरात लावल्या की नेकवर सुमारे ४५ किलोंचा ताण येतो. तो तोलण्यासाठी नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची सळई असते. कुणीतरी जपणूक म्हणून तारा सैल केल्या होत्या, सळई मात्र तशीच आवळलेली राहिली. समोरचा ताण गेल्यावर नेक वर्षानुवर्षं मागे कलत राहिला आणि खालच्या फ्रेटवर तारा टेकू लागल्या. अ‍ॅलन कीनं सळई पाव फेरा सैल केली, तारा स्वरात लावून एक रात्र जाऊ दिली. सकाळी झणझण बरीच उतरली होती. आणखी थोडं फिरवल्यावर गेली. फ्रेट घासायची गरजच पडली नाही.

त्यानंतरच तारा बदलल्या, आणि त्याही दहाच्याच. माझ्या बोटांना नऊच्या मऊ वाटतात, मींड सहज ओढता येते. पण नटमधल्या खाचा दहाच्या मापाला बसलेल्या आहेत आणि या गिटारीचा भरदार आवाज त्याच जाडीतून येतो. ट्रेमोलोचा दांडा हरवलेला होता. मागचं झाकण काढलं तर पाचही स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीवर घट्ट टेकवलेला दिसला. भर कार्यक्रमात एक तार तुटली तरी बाकीच्या बेसूर होऊ नयेत, यासाठी जाणते वादक हे करतात. ते मी तसंच ठेवलं. खरखरणारं बटण तेवढं स्वच्छ केलं.

फिंगरबोर्ड शिसवाचा आहे. फेंडर या पट्टीसाठी भारतीय शिसव वापरत आली आहे. हेच झाड सह्याद्रीच्या जंगलात उभं असतं आणि वाढायला माणसाच्या आयुष्याहून जास्त काळ घेतं. २०१७ मध्ये साईट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानं जगभरच्या शिसवाच्या व्यापारावर निर्बंध आणले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. आपल्याकडच्या डोंगरातलं असं लाकूड मेक्सिकोला जाऊन, गिटार होऊन परत आलेलं असेल, तर ते कपाटावर धूळ खात राहणं मला सहन होत नाही. वाजती ठेवलेली प्रत्येक जुनी गिटार एका नव्या पट्टीचं लाकूड वाचवते.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गिटार पडून आहे त्यांना माझी विनंती आहे. पावसाळा सुरू व्हायच्या आत ती खाली काढा. कोकणपट्टीच्या दमट हवेत तारा, स्क्रू आणि चुंबकं गंजतात. कुणी वाजवणार नसेल तर वाजवणाऱ्याला द्या, विका, पण द्या. देताना पॉलिश करू नका. केसमध्ये एक चिठ्ठी ठेवा: वाजवणारे कोण होते, काय वाजवायचे, तारा कोणत्या मापाच्या होत्या. घेणाऱ्याला त्या चिठ्ठीचा पॉलिशपेक्षा जास्त उपयोग होतो.