पुंगळीची मान : पितळ, कायदा आणि भय

उत्तर भारतातील गुन्हेवार्ता नियमाने वाचणाऱ्याला एक खूण वारंवार भेटते. घटनास्थळी सापडलेल्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर '८ एमएम केएफ' अशी अक्षरे कोरलेली असतात. 'केएफ' म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात पुण्याजवळच्या खडकीत १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना. ही काडतुसे परवानाधारकांच्या .३१५ बोअर रायफलींसाठी बनतात आणि वाट चुकून गावठी कट्ट्यांतही शिरतात. कोडे आहे ते 'आठ' या आकड्याचे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेची अधिकृत रायफल कधीही ८ मिलिमीटरची नव्हती. या काडतुसाचे मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिखर रायफलीत आहे. मग ते गंगेच्या खोऱ्यातील बागायतदाराच्या घरी कसे पोहोचले? उत्तर धातुशास्त्रात थोडे आणि कायद्यात पुष्कळ आहे. हा धागा त्या उत्तराचा.

आधी पुंगळीविषयी. काडतुसाचे चार भाग असतात : टोपी, दारू, गोळी आणि या तिघींना एकत्र धरणारी पुंगळी. दारू जळून जाते, टोपी एकदा फुटली की संपते, गोळी दूर निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. सुमारे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त हे तिच्या पितळेचे प्रमाण. बार उडताना ती फुगून बंदुकीच्या घराला चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते; दाब ओसरताच किंचित आकसते, म्हणून बाहेर ओढता येते. हे फुगणे-आकसणे पितळेला जसे साधते तसे लोखंडाला साधत नाही.

याच लवचीकपणामुळे एका पुंगळीची दुसरी करता येते. साच्यात दाबून मान आवळली की ती लहान व्यासाच्या गोळीची होते, फाकवली की मोठ्या व्यासाची. बूड आणि काठ मात्र सहसा बदलत नाहीत. म्हणून काडतुसांची कुळे बुडावरून ओळखावी लागतात, नावावरून नव्हे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराला यातील मर्म सांगावे लागणार नाही. ठोकलेला धातू कडक होत जातो, आणि वेळीच तापवून मऊ केला नाही तर पुढच्या घावाला तडकतो. तापवलेले पोलाद पाण्यात बुडवले तर कठीण होते, पितळ मात्र मऊच राहते, हा त्यातला गमतीचा भाग.

ज्याने हा नियम पाळला नाही, त्याला हिंदुस्थानच्या पावसाळ्याने धडा दिला. लष्कराच्या तबेल्यांत साठवलेली काडतुसे पावसाळ्यात, कोणी हात न लावता, चिरफाळलेली आढळू लागली. चीर बहुतेक मानेजवळ असे, कारण आवळताना सर्वाधिक ताण तिथेच साठतो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा या दोहोंनी त्या ताणाला वाट करून दिली होती. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारणाचा उलगडा केला. उपाय दोन होते : मान तापवून ताण काढणे आणि काडतुसे घोड्यांपासून दूर ठेवणे. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण आजही येते.

आता इतिहासाकडे. १८५७ च्या वणव्यात एनफील्ड रायफलीचे काडतूस कागदी होते, चरबी लावलेले, दातांनी फाडावे लागणारे. पुढच्या दहा वर्षांत कागद गेला. १८६६ मध्ये ब्रिटनने त्याच एनफील्ड रायफलींना मागून भरण्याची स्नायडरची यंत्रणा बसवली. तिच्यासाठी वुलिचच्या एडवर्ड बॉक्सरने .५७७ इंचांचे काडतूस तयार केले. त्याची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिला .४५० इंचांची बारीक गोळी हवी होती, पण तेवढी दारू मावेल अशी सरळ पुंगळी फार लांब होऊ लागली. तेव्हा स्नायडरच्याच जाड बुडाची पुंगळी घेऊन तिची मान आवळण्यात आली. .५७७/४५० हे अपूर्णांकासारखे नाव म्हणजे त्या काडतुसाची वंशावळच होय : बूड पाचशे सत्त्याहत्तरचे, तोंड साडेचारशेचे.

इथवर कथा केवळ तंत्राची आहे. हिंदुस्थानात मात्र तिला दुसरे अंग होते. उठावानंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचे हत्यार ठेवण्याचे धोरण रूढ झाले. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा देशी शिपायाला स्नायडर मिळाली, गोऱ्यांकडे.३०३ आली तेव्हा मार्टिनी. १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला आणि रयतेच्या बंदुकीवर परवान्याची गाठ बसली. हा कायदा सैल करावा, हे मागणे काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून उठत राहिले.

पुढे सरकारची नजर व्यक्तीवरून व्यासाकडे वळली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० व्यासाच्या खासगी रायफलींवर बंदी आली. भीती अशी की शिकाऱ्यासाठी आणलेल्या गोळ्या काढून त्या जुन्या मार्टिनीच्या पुंगळ्यांत भरल्या जातील. लंडनच्या बंदूककारांचा वाघ-हत्तींच्या शिकारीवर चालणारा धंदा एका फर्मानाने अडचणीत आला. त्यांनी वकील न गाठता साचे गाठले. जोसेफ लँगच्या कारखान्याने .५०० ची पुंगळी आवळून .४७० केली, हॉलंड अँड हॉलंडने त्याच रीतीने.४६५ केली. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने बंदी निरर्थक ठरली. आफ्रिकेतील शिकारकथांतून मिरवणारी ही नामांकित काडतुसे बंडखोरीच्या धास्तीतून जन्मली, याचा उल्लेख त्या कथांत क्वचितच सापडतो.

.३१५ चा जन्म याच घराण्यातला. फौजेची .३०३ रायफल खासगी माणसाला निषिद्ध होती. तेव्हा फौजेत नसलेले काडतूस शोधणे भाग होते. मानलिखरचे ८ मिलिमीटर काडतूस त्या जागी चपखल बसले. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली पद्धतीच्या रायफली त्या मापाच्या करून हिंदुस्थानात विकल्या, आणि स्वातंत्र्यानंतर इछापूरच्या कारखान्याने तीच परंपरा चालवली. बंडखोराच्या हाती लष्करी काडतूस पडू नये म्हणून निवडलेला व्यास आज बेकायदा कट्ट्याचा नेहमीचा व्यास आहे.

या साऱ्या मालिकेत सर्वांत बोलका नमुना मात्र .४१० मस्केटचा. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी .३०३ रायफलींच्या नळ्या आतून मोठ्या व गुळगुळीत करण्यात आल्या. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या. त्यांचे काडतूस म्हणजे .३०३ चीच पुंगळी, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेली, जणू अर्ध्या वाटेवर थांबवलेली. अशा नळीत फौजेचे काडतूस घातले तरी बारीक गोळी भिंतींना धरत नाही आणि नेम उरत नाही. शिपायाला गणवेश द्यायचा, बंदूक द्यायची, पण ती उलटली तर कुचकामी ठरेल याची तजवीज आधीच करून ठेवायची. वसाहती राज्याने आपल्याच पोलिसावर किती विश्वास ठेवला, हे मोजायला या सरळ पुंगळीइतके प्रामाणिक माप दुसरे नसेल.

१९६२ च्या युद्धानंतर मात्र क्रम उलटला. नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाचा काठ बुडाबाहेर येत नाही; .३०३ च्या काठदार पुंगळीतून ते घडवणे सोयीचे नव्हते. इछापूरने पितळ सोडून बंदूकच बदलली : अधिक मजबूत पोलाद, नवी नळी, नवे चौकोनी मॅगझिन. जळगाव जिल्ह्यात वरणगावचा काडतूस कारखाना १९६४ मध्ये त्याच काळात उभा राहिला.

या कथेचे एक टोक वर्धा जिल्ह्यात आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा भावे १९३२ मध्ये राहायला गेले आणि सूत कातून मिळणाऱ्या मजुरीत माणसाचे पोट भरते का, याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. त्याच नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तिथे आपोआप मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावली जात. चरबीच्या काडतुसाने ज्या देशात वणवा पेटला, तिथे वस्तू कोणाच्या मृत्यूतून येते हा प्रश्न इतक्या शांतपणे हाताळला गेला, हे लक्षणीय आहे. १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी युद्धसहकार्याविरुद्ध पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनी तिथेच भाषण केले. आणि त्या महायुद्धातच, नालवाडीपासून तीसेक किलोमीटरवर, पुलगावला लष्कराचे दारूगोळा भांडार वसले. ते आजही देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक आहे.

भांडारातील सारेच काही रणांगणावर जात नाही. मुदत संपलेला माल मोकळ्या मैदानात नष्ट करावा लागतो. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी पुलगावजवळ सोनेगाव परिसरात असे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतील मजूर होते. माल नष्ट झाल्यावर उरलेले धातूचे तुकडे वेचायला गावकरी त्या मैदानावर जात, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. भंगारात पितळेला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो.