दांड्याभोवतीचे तीन वेढे

वीस वर्षं मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जुन्या इमारतींचे बॉयलर सांभाळतो आहे. यंदा पहिल्या थंडीत गळती माझ्याच घरात निघाली. बैठकीतल्या बिडाच्या रेडिएटरचा कॉक मुठीखाली फुसफुसत होता आणि जमिनीच्या लाकडावर गंजाचा डाग पडला होता.

गळती थेंबभर दिसते, पण दुखणं तळघरात वाढतं. जेवढी वाफ बाहेर जाते तेवढं नवं पाणी बॉयलरला घ्यावं लागतं आणि त्यातला ऑक्सिजन लोखंड खातो. म्हणून असा थेंब मी उद्यावर टाकत नाही.

बॉयलर बंद केला, रेडिएटर गार होऊ दिला. एका पान्यानं कॉकचं अंग धरलं, दुसऱ्यानं मुठीखालचा छोटा नट सोडवला. दोन पाने लागतातच, नाहीतर जुन्या पाइपाला पीळ बसतो. आतलं पॅकिंग वाळून कडक झालं होतं. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते ओलं करून मगच आकड्यानं काढलं. दांडा पुसला आणि ग्रॅफाइटच्या दोरीचे तीन वेढे दिले, नट ज्या दिशेनं आवळतो त्याच दिशेनं. उलटे दिले तर ते उकलतात.

नट आवळणं मी बाबांकडून शिकलो. ते साखर कारखान्यात फिटर होते. तिथं वाफेचा दाब चौरस इंचाला शेकडो पौंड, इथं २ पौंडांच्याही आत. पण ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची पॅकिंगची जागा, भरायची रीत तीच. जरासा आवळायचा, दांडा फिरवून बघायचा, पुन्हा जरासा. दांडा हाताला किंचित जड लागला की थांबायचं.

गळतीचं मूळ मात्र वेगळं होतं. गेल्या हिवाळ्यात आई कोल्हापूरहून आली होती. उकडलं की ती कॉक गॅसच्या बटणासारखा अर्धा फिरवायची. आमच्याकडे वाफ वर येते आणि तिचं पाणी खाली उतरतं, दोन्ही एकाच पाइपातून. कॉक अर्धवट राहिला की पाणी अडतं, पाइप घणासारखा वाजतो, पॅकिंगची वाट लागते. तो पूर्ण उघडा हवा, नाहीतर पूर्ण बंद. हे मी आईला सांगायला हवं होतं. ऊब कमी हवी तर दुसऱ्या टोकाला हवा हळू सोडणारा व्हेंट लावतात. तो आता लावला आहे.

बॉयलर निवल्यावर काचेच्या नळीवर पाण्याच्या पातळीशी खूण केली. आठ दिवसांनी तळघरात उतरून पाहिलं. पाणी खुणेलाच होतं.