डोंगरांपलीकडचं सॉसेज



पाव आणि बटाटा हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले, हे वडील मंडळींना ठाऊक आहेच. आज त्यांच्याच मुलखातल्या एका पदार्थाची ओळख करून घेऊ. त्याचं आपल्या यहुदी लोकांशी नातं सांगतात.

पोर्तुगालच्या ईशान्येला त्राझ-उझ-मोंतिश, म्हणजे 'डोंगरांपलीकडचा' प्रांत आहे. तिथल्या मिरांदेला गावचं 'आल्येइरा' हे सॉसेज प्रसिद्ध आहे. 'आल्यु' म्हणजे लसूण. पाव कोंबडीच्या रश्श्यात भिजवायचा, त्यात मांस, लसूण, ऑलिव्ह तेल आणि तिखट घालायचं, आतड्यात भरून घोड्याच्या नालासारखं वळवायचं आणि चुलीच्या धुरावर टांगायचं.

1496 साली राजा मानुएलने यहुद्यांना देश सोडायचा हुकूम काढला आणि 1497 मध्ये बळजबरीने बाप्तिस्मा दिला. 1536 मध्ये इन्क्विझिशन आलं. घरोघरी डुकराची सॉसेजं टांगलेली. ज्याच्या घरात नाहीत, त्याच्यावर संशय! म्हणून आपल्या लोकांनी कोंबडी-पावाची सॉसेजं करून टांगली, अशी तिथली कथा आहे. याला लेखी पुरावा नाही, असं काही अभ्यासक म्हणतात.

तिथून दक्षिणेला बेलमोंते गाव लागतं. इथल्या गुप्त यहुद्यांची गाठ 1917 मध्ये सॅम्युएल श्वार्त्झ या पोलिश यहुदी इंजिनियरशी पडली. हिब्रू विसरलेली ही माणसं 'अदोनाय' हा शब्द मात्र विसरली नव्हती. पेसाखची बिनखमिराची भाकरी ती चोरून भाजत. 1996 साली तिथे सिनेगॉग उघडलं. शेजारच्या कोव्हिल्यां गावच्या सहकारी संस्थेने काशेर वाइनही काढली. ज्यांचे पूर्वज दारं लावून सण पाळत, ते आता उघडपणे किद्दुश करतात.

आपलीही गोष्ट अशीच नाही का? कोकणात आपण पोथ्या विसरलो, पण शमा राहिली, शनिवार राहिला. दावीद राहाबीने मासे शिजवायला दिले, तेव्हा आपल्या बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, असं परंपरा सांगते. त्यावरून त्याने आपल्याला ओळखलं.

पोर्तुगालला गेलात तर एक लक्षात ठेवा: आजच्या बहुतेक आल्येइरात डुकराचं मांस किंवा चरबी असते. विचारल्याशिवाय खाऊ नका. आणि बालमित्रांनो, मासे साफ करताना आजी काय बघते, तेही तिला विचारा!