‘झाले’ म्हणणारे यंत्र

आमचे रान वेल्ह्याकडे, मोटर नदीकाठी. वीज यायची रात्री. इशाची नमाज झाली की अब्बा बॅटरी आणि काठी घेऊन निघत. ते परतेपर्यंत अम्मी उंबऱ्यावर बसून राही, सापाची भीती.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी अशा शेतकऱ्यांसाठीच ‘नॅनो गणेश’ बनवले. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. ते स्टार्टरला जोडायचे आणि मोबाइलवरून फोन लावायचा. वीज आहे की नाही, हे आवाजाच्या खुणेवरून कळते. मग आकडे दाबून मोटर चालू-बंद करायची.

आता तर यंत्रांना आपले बोलणेही कळते. भोरच्या घरी मुलाने बोलून पंखा लावायची सोय केली. परवा यंत्र म्हणाले, “पंखा चालू केला.” पंखा बंदच! यंत्राने रिमोटसारखा इशारा तेवढा पाठवला होता. पंख्याला वीज आहे का, हे पाहिलेच नव्हते.

वर्गात “गृहपाठ झाला, बाई” ऐकले तरी आम्ही वही उघडून पाहतोच. हुकूम ऐकणारी यंत्रे घडवणाऱ्यांनीही तेवढे करावे. काम खरोखर झाले, तरच यंत्राने ‘झाले’ म्हणावे. नाहीतर खात्री करायला अब्बांना पुन्हा रात्रीचे नदीवर जावे लागेल.