पहिल्या आठवड्यातलं रक्त

पावसाळ्यात पोलादपूरला कुणाला ताप आला की टायफॉइड, डेंग्यू, लेप्टो ही नावं आधी निघतात. माझ्या मुलाचा ताप यांतल्या कशातच बसेना. तो अकरावीत, कबड्डी खेळणारा. घसा इतका सुजला होता की पेजही गिळवेना. मानेला दोन्ही बाजूंनी गाठी, आणि उठून बसायचीही ताकद नाही.

टायफॉइडसाठीची विडाल चाचणी किंचित पॉझिटिव्ह आली. पण जुन्या संसर्गानेही ती तशी येऊ शकते, असं सांगून महाडच्या डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्त पसरून बघायला लावलं. पांढऱ्या पेशींत मोठ्या, वेगळ्याच आकाराच्या लिम्फोसाइट दिसल्या. घरात कुणीतरी अमॉक्सिसिलिन आणून ठेवलं होतं, ते देऊ नका म्हणाले. मोनोन्यूक्लिओसिस (मोनो) असेल तर त्याने अंगभर पुरळ उठू शकतं.

मोनोची झटपट चाचणी मात्र निगेटिव्ह आली. मी हबकले. या चाचणीचं मूळ पॉल आणि बनेल यांच्या १९३२ च्या शोधात आहे: या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतात. पण पहिल्या आठवड्यात साधारण चौघांतल्या एकाच्या रक्तात ती सापडतच नाहीत. म्हणून मोनो घडवणाऱ्या एपस्टीन-बार विषाणूविरुद्धच्या थेट प्रतिपिंडांसाठी नमुना मुंबईला गेला.

रिपोर्टमध्ये विषाणूच्या कवचाविरुद्धचं आयजीएम प्रतिपिंड पॉझिटिव्ह होतं, केंद्रकातल्या प्रथिनाविरुद्धचं आयजीजी निगेटिव्ह. हे दुसरं दोन-चार महिन्यांनी तयार होतं; ते नाही म्हणजे संसर्ग ताजा. हा विषाणूच मोनोचं कारण आहे, हेही अशाच रक्तातून कळलं. फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुणीच्या रक्तात आधी ही प्रतिपिंडं नव्हती; मोनो झाल्यावर ती दिसली. १९६८ साली ते प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे बहुतेकांना हा संसर्ग लहानपणीच, कळूनही न येता होऊन जातो. म्हणून मोठ्या मुलाच्या बाबतीत तो पटकन सुचत नाही. सुचला तरी लवकर केलेली चाचणी फसवू शकते; म्हणून नमुन्याच्या फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहायला हवी, असं मला फार वाटतं. त्या तारखेशिवाय निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थच लागत नाही.

मुलाचा प्रश्न एकच होता, "रिपोर्ट निगेटिव्ह आला की खेळू ना?" डॉक्टरांनी त्याचा हात धरून डाव्या बरगड्यांखाली ठेवला. प्लीहा सुजली होती. पकडीत धक्का बसला तर ती फुटू शकते. आणि रिपोर्ट निगेटिव्ह होण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता; कवचाविरुद्धचं आयजीजी तर जन्मभर रक्तात राहणार होतं. "निदान महिनाभर मैदान बंद," ते म्हणाले, "मग पोट तपासून ठरवू."