वाड्याकडेची कण्हेर

शेळी काय बी खाते म्हणतात. म्हणणाऱ्यानं शेळी पाळलेली नसते. माळावर मोकळी शेळी एक पान हुंगते, दुसरं तोडते, पुढं जाते. तिचं ती निवडते. तिला कूड घालून वाड्यात कोंडली की निवडायचं काम आपल्याकडं येतं. हे मला कळायला एक गाभण शेळी जावी लागली.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पावसाचं रडगाणं कायमचंच. हिनं बचत गटातून पैसे उचलून दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या, तेव्हा मी गोठ्यामागं वाडा बांधला. बाभळीच्या फांद्यांचा कूड केला अन् बाहेरून कण्हेर लावली. कण्हेरीला पाणी फार लागत नाही, देवाला फुलं होतात, अन् मुख्य म्हणजे शेळी तिला तोंड लावत नाही. तीन वर्षं लावलंही नाही.

दिवाळीच्या तोंडावर कण्हेर छाटली. फांद्या कुडालाच टेकवून ठेवल्या. सवडीनं उचलू म्हटलं. दोन-तीन दिवसांत पानं सुकली. सकाळी बघतो तर मोठी शेळी आडवी, पाय झाडतीय, कान गार पडलेले. फोन केल्यावर डॉक्टर आले, पण तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांनी कुडाकडं बघितलं अन् कपाळाला हात लावला. ओलं पान शेळीला कडू लागतं. सुकल्यावर तिला ते तेवढं जाणवत नाही, विष मात्र तसंच राहतं. पोटात दोन करडं होती.

ही मला काही बोलली नाही. गटाचे हप्ते तिनं अंडी विकून फेडले. माझ्या हातनं झालं, हे म्हणायला मला चार दिवस लागले.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "आधी ती कण्हेर उपटा."

उपटली. जाळली नाही, तिचा धूरही वाईट. लांब खड्डा काढून पुरली. मग कुडाकडंनं शेवरी अन् हादगा लावला. दोन्ही शेळ्यांना मानवतात, पाला भरपूर येतो. सुबाभूळही आहे, पण ती जपून. एका वाटणीला सुबाभूळ तर दोन वाटण्या दुसरा चारा, असं मी धरतो. नुसती तीच घातली तर जनावराचे केस झडतात. बोर, बाभूळ, उंबर, वड यांचा पाला बिनघोर. घाणेरी अन् बेशरम ओढ्याकडंनं माजलेली असते, त्यातलं एक झुडूप वाड्याजवळ ठेवलं नाही. बेशरमीची तर शेळीला चटक लागते अन् मग ती झोकांड्या खाते. एरंडही काढला. अन् ज्वारी कापल्यावर बुडख्यांतनं जे कोवळे फुटवे येतात, त्या रानात शेळ्या सोडत नाही. पाण्याचा ताण बसलेले फुटवे तर बघता बघता जनावर आडवं पाडतात.

आमची आई बहात्तरच्या दुष्काळात निवडुंगाचे काटे भाजून बैलांना घालायची. काय चालतं, काय नाही, तिला विचारायचं राहूनच गेलं. दहावीपर्यंतच्या पुस्तकात तर शेळी फक्त चित्रात होती.

आता वाड्यात अकरा शेळ्या आहेत. सगळ्या त्या राहिलेल्या धाकटीच्या वंशातल्या. नातू शाळेतनं येताना मूठभर पाला घेऊन येतो, अन् ही हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून दारात येते.

"कुठला हाय रं? दाव आधी."