कन्हानकाठची कडवी चाय

कामठीला उतरलो की आमची पावले आपोआप आजोळच्या मोहल्ल्याकडे वळतात. 1821 मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीकाठी छावणी वसवली आणि तिच्या आधाराने हे गाव वाढले. उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांनी येथे हातमाग मांडले. आमचे नाना त्यांच्याच घराण्यातले. आता मागाची खटखट क्वचितच कानी पडते.

नानांच्या घरामागे अडुळशाचे कुंपण होते. उर्दूत त्याला अडूसा म्हणतात. लांबट पाने, थंडीत येणारी जांभळ्या रेघांची पांढरी फुले. त्याच्या तमिळ नावाचा अर्थच ‘शेळी शिवत नाही ते’ असा आहे. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. बकरी ईदच्या आधी अंगणात बांधलेले बकरे कोथिंबिरीचा वाफा फस्त करत, कुंपणाला मात्र तोंड लावत नसत.

खोकला झाला की नानी दोन-तीन पाने, आले आणि गूळ घालून पाणी निम्मे होईपर्यंत उकळायच्या. हीच आमची ‘कडवी चाय’.

एका हिवाळ्यात नानांचा खोकला हटेना. मागावर सुताचे तंतू नाकातोंडात जातातच, असे सगळे म्हणाले. नानी रोज काढा देत राहिल्या. कफ सुटायचा, जरा बरे वाटायचे आणि दवाखाना पुढे ढकलला जायचा. थुंकीत रक्त दिसले तेव्हा तपासणी झाली. क्षयरोग निघाला. औषधांनी नाना बरे झाले, पण पुन्हा मागावर बसू शकले नाहीत. नानी म्हणायच्या, “पत्तों का कसूर नहीं, हमने देर की.”

ते खरेच होते. अडुळशातील व्हॅसिसिन या घटकावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले. युनानी हकिमांच्या शरबत-ए-एजाजमध्येही अडूसा असतो. पण कफ सोडवणे वेगळे आणि क्षयाचे जंतू मारणे वेगळे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी; सरकारी दवाखान्यात तपासणी व उपचार मोफत आहेत. गरोदर बहिणींनी हा काढा घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते.

यंदा गेलो तर कुंपणाच्या जागी सिमेंटची भिंत होती. कोपऱ्यात एकच झुडूप उरले होते, फुलांनी भरलेले. त्याची फांदी आणून आम्ही दाराशी लावली. तिला आता नवी पाने फुटली आहेत. साध्या सर्दी-खोकल्याला कडवी चाय घरात पुन्हा होईल, इन्शाअल्लाह. अल्लाहने प्रत्येक आजारावर औषध ठेवले आहे, ही आमची श्रद्धा आहे. त्या औषधासाठी वेळेवर दवाखान्याची पायरी चढणे, हाही तवक्कुलचाच भाग आहे.